छोट्या नळीच्या पिस्तुलात काय भरावं: 115, 124 की 147 ग्रेन?

पिस्तूल घेऊन झालंय, 9 मिमी आहे, नळी तीन-साडेतीन इंचांची आहे आणि स्वसंरक्षणासाठी हॉलो पॉइंटच, म्हणजे टोकाला खळगा असलेली आणि आदळल्यावर फुलणारी गोळीच भरायची हेही ठरलंय, असं मी धरून चालतो. राहता राहिला प्रश्न काडतुसांचा कुठला खोका उचलायचा हा. खरी निवड तिघांतच आहे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप): हलकी 115 ग्रेनची गोळी, मधली 124 ग्रेनची पण जादा दाबाची म्हणजे प्लस-पी, आणि जड 147 ग्रेनची. तिन्ही प्रकार मी एकाच पिस्तुलातून भरपूर झाडलेत. टाकाऊ त्यातलं एकही नाही, त्यामुळे ज्यांची निवड वेगळी आहे त्यांनी लगेच खोका बदलायला धावू नये.

खोक्यावर छापलेला वेग बहुतेकदा चार इंची नळीतला असतो. नळी इंचभर आखूड झाली की सेकंदाला साधारण 25 ते 50 फूट वेग जातो; हलक्या, वेगवान गोळीचा जास्त, जड गोळीचा कमी. आकडा किरकोळ वाटतो, पण हॉलो पॉइंट फुलतं ते वेगाच्याच जोरावर. वेग कमी पडला किंवा जाड कापडाचा तुकडा टोकाच्या खळग्यात बसला, तर ती न फुलता साध्या गोळीसारखी आरपार निघून जाते. फार लवकर फुलली तर अर्ध्या वाटेत थांबते. 11 एप्रिल 1986 च्या मायामीतल्या चकमकीत नेमकं हेच झालं. एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली 115 ग्रेनची गोळी हृदयाच्या जेमतेम अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. एफबीआयचे दोन एजंट त्या दिवशी गेले. आज जिच्या आधारे सगळे बोलतात ती 12 ते 18 इंचांची मोजपट्टी, म्हणजे 10 टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किती खोल जावी याचा निकष, त्या घटनेनंतरच्या चाचण्यांतून आली.

आता एकेक घेऊ.

115 ग्रेनची गोळी मायामीमुळे बदनाम झाली खरी, पण आजची 115 म्हणजे 1986 ची गोळी नव्हे. हॉर्नडी कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्स काडतुसांमध्ये खळगा लवचीक पॉलिमरने आधीच भरलेला असतो, म्हणजे कापड अडकायला जागाच उरत नाही. आदळल्यावर तेच पॉलिमर आत दाबलं जाऊन कडा उघडतं. पावडरही कमी ज्वाला देणारी वापरतात. आखूड नळीत हे महत्त्वाचं, कारण तिथे पावडरचा काही भाग नळीबाहेर पडूनच जळतो आणि अंधारात डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसत नाही. हाताला ही काडतुसं सोसतात. मनगटात जोर कमी असेल किंवा पिस्तूल अगदीच हलकं असेल तर मी निःसंकोच हेच सुचवीन. गोळी किती खोल जाते याबाबतीत मात्र ती पट्टीच्या खालच्या टोकाकडे राहते. वाटेत हात आडवा आला तर काय, हा विचार मला सोडत नाही. हा पूर्वग्रहही असू शकतो.

124 ग्रेन प्लस-पीची बाजू कागदावर सगळ्यांत भक्कम आहे. स्पीअर कंपनीने तर आपल्या गोल्ड डॉट गोळीची खास आखूड नळीसाठीची आवृत्ती काढली, जिचा वेगच साडेतीन इंची नळीतून सेकंदाला 1,150 फूट असा सांगतात. खळगा कमी वेगाला फुलेल असा घडवलेला, आणि तांब्याचं कवच शिशाच्या गाभ्यावर विद्युत प्रक्रियेने चढवलेलं, त्यामुळे आतबाहेरचं वेगळं होत नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 124 प्लस-पी गोल्ड डॉट वर्षानुवर्षं वापरली. पण त्यांची पिस्तुलं मोठी होती, हे लोक सांगायचं विसरतात. साध्या 9 मिमीला कमाल दाब 35,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि प्लस-पीला 38,500. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात हा फरक जाणवतो न जाणवतो. दोन बोटांच्या मुठीच्या पिस्तुलात पकडच हलते आणि दुसऱ्या गोळीआधी ती पुन्हा नीट बसवावी लागते. शिवाय स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, इतक्या वेगाने मागे जाऊन परतते की मॅगझीनची स्प्रिंग थोडी मऊ असेल तर पुढचं काडतूस वर यायला उशीर होतो, आणि शेवटची एक-दोन काडतुसं अडकू शकतात. माझ्याकडे हे क्वचित झालं, पण ‘क्वचित’ हा शब्द इथे पुरेसा दिलासा देत नाही.

तरी एवढ्यावर मी प्लस-पी सोडली नसती. झटक्याची सवय होते. निर्णय झाला तो वेगळ्याच, जरा क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीवरून: काडतुसातली गोळी मागे सरकणं.

ज्यांचं पिस्तूल चोवीस तास भरलेलं राहतं त्यांना हे फारसं दिसणार नाही. माझं रोज रिकामं होतं आणि तिजोरीत जातं; दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं जातं. रिकामं करताना चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यातलं काडतूस बाहेर पडतं, आणि भरताना बहुधा तेच मॅगझीनच्या वर ठेवलं जातं. म्हणजे एकच काडतूस रोज उतारावर आपटत चेंबरमध्ये जातं. छोट्या पिस्तुलात स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास थोडका, म्हणून स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग कडक. काडतुसाला वर चढायचा उतारही बऱ्याचदा उभा. प्रत्येक आपटीला गोळी पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) केसभर आत ढकलली जाते. डोळ्यांना एकेकदा काहीच कळत नाही. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहिलं की मात्र पेन्सिल झिजल्यासारखी उंची कमी झालेली दिसते.

आता यात बिघडलं काय? 9 मिमीची पुंगळी लहान आहे. गोळी आत गेली की पावडरीला मिळणारी जागा आक्रसते आणि दाब झपाट्याने चढतो, सरळ रेषेत नव्हे. प्लस-पी आधीच मर्यादेच्या वरच्या पायरीवर उभी. तिथे ‘एवढंसं’ सरकलेलं काडतूस झाडायची माझी तयारी नाही. परत परत चेंबर केल्याने प्रायमरमधला, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी पावडर पेटवणाऱ्या टिकलीतला मसाला भुगा होऊन सुटू शकतो आणि ऐनवेळी काडतूस फुसकं निघू शकतं, तो धोका वेगळाच. मग काडतूस सुटं चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडली तर? तसं करू नका. बहुतेक पिस्तुलांत काडतुसाची कड खालून वर येत एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, मागे सरकते. त्याला कडेवरून उडी मारायला लावलीत तर तो झिजतो किंवा तुटतो.

सगळी प्लस-पी काडतुसं सारखी सरकत नाहीत, हे कबूल. चांगल्या स्वसंरक्षण काडतुसांत पुंगळीला आतून अडवणारी खाच असते, काहींत गोळी लाखेसारख्या द्रव्याने बसवलेली असते. माझ्या हाती आलेल्या एका खोक्यात (नाव घेत नाही, कदाचित तो लॉटच तसा असेल) वरचं काडतूस आठवड्याभरात डोळ्यांना दिसेल इतकं बसलं. महागडी काडतुसं अशी बाजूला काढत राहायची आणि वर रोज सकाळी उंची तपासायची, याचा मला कंटाळा आला.

इथे 147 ग्रेन पुढे आली. काडतुसाची एकूण लांबी साधारण तीच राहते, त्यामुळे लांब गोळीला पुंगळीत जास्त खोल बसावं लागतं. पुंगळीची भिंत तळाकडे जाड होत जाते, म्हणजे गोळीचा जास्त भाग आणि जास्त घट्ट धरला जातो. निदान माझ्या पिस्तुलात ती फार हळू सरकते. उलटा मुद्दाही खरा आहे: आत मोकळी जागा आधीच कमी, म्हणून सरकलीच तर दाब तिथेही चढणार. पण सुरुवात साध्या दाबापासून होते, प्लस-पीच्या उंबरठ्यावरून नाही.

जुने लोक 147 चं नाव ऐकून भुवया उंचावतील. त्यांचंही चूक नाही. सुरुवातीच्या 147 मूळच्या सायलेन्सरच्या शस्त्रांसाठी, ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या, आणि फुलण्याच्या बाबतीत बेभरवशाच्या होत्या. आताच्या फेडरल कंपनीच्या एचएसटीसारख्या गोळ्या सेकंदाला हजार फुटांच्या आसपासच्या वेगातच उघडतील अशा घडवल्यात. मूळ वेगच कमी असल्याने आखूड नळी त्यांचं फारसं हिरावून घेत नाही. 115 ला हे म्हणता येत नाही. झटका लाथेसारखा न लागता ढकलल्यासारखा येतो. ज्वालाही माझ्या डोळ्यांना कमी वाटली, मात्र हे मी संध्याकाळच्या उजेडात पाहिलंय, यंत्राने नाही. खोट एकच सांगण्यासारखी: जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड थोडं वर उठलेलं असतं, म्हणून ती जवळच्या अंतरावर 115 च्या जरा वर लागते. नेम धरायच्या खुणा (साइट्स) स्थिर असलेल्या पिस्तुलात हे स्वतः तपासूनच घ्यावं.

पिस्तूल .380 चं, म्हणजे 9 मिमीहून कमी ताकदीच्या काडतुसाचं असेल तर वरचं गणित तसंच लावू नका. त्याचा कमाल दाबच 21,500 पीएसआय आहे; आखूड नळीत फुलणं आणि खोली दोन्ही एकदम मिळवणं अवघड जातं, म्हणून बरेच जाणते लोक तिथे साधी न फुलणारी गोळीच पसंत करतात. आणि कायदा जागोजागी वेगळा. कुठे नागरिकाला 9 मिमीच मिळत नाही, कुठे हॉलो पॉइंट चालत नाही. युद्धात तर फुलणाऱ्या गोळ्यांवर 1899 च्या हेग परिषदेतच बंदी आली, आणि ती ज्यांच्यामुळे आली त्या गोळ्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या.

147 घ्यायचं ठरलं तर सरावालाही त्याच वजनाची साधी गोळी घ्या, म्हणजे निशाणा आणि झटका दोन्ही ओळखीचे राहतील. स्वसंरक्षणाचं काडतूस निदान दोन मॅगझीन भरून झाडून पाहा. छोटी पिस्तुलं खाण्याच्या बाबतीत नखरेल असतात, आणि तुमच्या पिस्तुलाने 147 नाकारली तर माझं म्हणणं बाजूला ठेवून ते जे बिनतक्रार गिळतं तेच भरा. चेंबरमधून निघालेलं काडतूस दर वेळी मॅगझीनच्या तळाशी घाला, तेच ते वर ठेवू नका. त्याच लॉटचं एक नवं काडतूस तुलनेसाठी वेगळं राखून ठेवा आणि त्याच्याहून बुटकं झालेलं कुठलंही काडतूस झाडायला न वापरता बाद करा.