जुन्या झेनला बसवलेला हेडलाइटचा बजर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

हेडलाइट चालू राहिले की ओरडणारा बजर झेनला बसवून अख्खा पावसाळा गेला, थंडीही सरत आली. बजरबद्दल माझं मत चांगलं आहे. पण मध्यंतरी तो अचानक मुका झाला, आणि कारण शोधताना जे हाती लागलं ते बजर विकणारा सांगत नाही, बसवणाराही सांगत नाही. सगळे बजरचा आवाज, बजरची किंमत, बजरची कंपनी यावरच बोलतात. दार उघडताच आतला लाइट लावणाऱ्या दाराच्या स्विचबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. खरं पाहता सगळा खेळ त्या स्विचवर आहे.

गाडी २००३ ची मारुती झेन, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली. हल्लीच्या गाड्यांत चावी काढून दार उघडलं की टिंगटिंग सुरू होतं. आमच्या झेनमध्ये चावी खिशात गेली तरी डिपर (हेडलाइटचा खालचा झोत) जळत राहतो आणि गाडी चकार शब्द बोलत नाही. रात्री याचा त्रास नाही, समोरच्या गडग्यावर उजेड पडलेला दिसतोच. घोळ होतो तो दिवसा. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालं, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलं की जुलै-ऑगस्टात भर दुपारी धुकं इतकं दाटतं की लाइट लावल्याशिवाय पर्याय नसतो. वर मलकापूरला पोचेपर्यंत लख्ख उजाडलेलं असतं आणि काचेतून लाइटचा पत्ताही लागत नाही. मुंबईच्या वाटेवर कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर तेच. पूर्वी समोरून येणारा माणूस पंजाची उघडझाप करून खूण करायचा. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे लाइट कायम चालूच असतात, तेव्हापासून दिवसा जळणारा लाइट कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही आणि ती खूण फारशी दिसत नाही. मला तिची उणीव जाणवते.

आता हिशेब. डिपरचे दोन बल्ब ५५ वॅटचे, म्हणजे ११०. पार्किंगचे पुढचे-मागचे, नंबरप्लेटचा आणि मीटरचा उजेड धरला की १४० च्या आसपास. बारा व्होल्टला हे साडेअकरा अँपिअर होतात. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. कागदावर तीन तास, पण सेल्फ फिरवण्याइतकी ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. बॅटरी जुनी असेल तर लग्नाची पंगत उठेपर्यंतही टिकत नाही. आणि एमपीएफआय गाडी पूर्ण बसलेल्या बॅटरीवर धक्का मारून सुरू होत नाही. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की काम व्हायचं. इथे पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोघांनाही आधी व्होल्ट लागतात.

माणसांचा खोळंबा होतो तो वेगळाच, पण मला बॅटरीचं दुःख जास्त आहे. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर मोठा करंट द्यायला केलेल्या. ती तळापर्यंत उतरली की प्लेटांवर सल्फेट कडक बसतं आणि नंतर कितीही चार्ज केलं तरी ते सगळं निघत नाही. दर वेळी आयुष्याचा एक तुकडा जातो. आमची बॅटरी अशीच उतरली तेव्हा वॉरंटीत होती. दुकानात नेली, त्यांनी लोड टेस्टर लावला, सेल ठीक आहेत म्हणाले, रात्रभर ठेवून घेतली आणि चार्जिंगचे पैसे लावले. वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, उतरलेल्या बॅटरीला नाही, हा नियम मला मान्य आहे. पण गाडीत असला बजर बसवून घ्या, पन्नास-शंभर रुपयांत होतं, एवढं एक वाक्य काउंटरवरच्या माणसाला बोलता आलं असतं. बॅटरी विकणाऱ्याने हे सांगायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

आधी बाजारातला तयार, दोन वायरींचा बजर घेतला. वायरिंगवाल्याने एक वायर पार्किंग लाइटच्या फ्यूजला आणि दुसरी चावीने चालू होणाऱ्या फ्यूजला जोडली. युक्ती सोपी आहे. चावी चालू असताना दोन्ही टोकांना बारा व्होल्ट, म्हणून बजर गप्प. चावी काढली की दुसऱ्या टोकाला बाकीच्या उपकरणांतून अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वाट, मिळतो आणि तो वाजतो. सुरुवातीला मला हे फार आवडलं, आणखी कोणी विचारलं असतं तर हेच घ्या म्हणालो असतो. मग घाटात गाडी बाजूला घेऊन पार्किंग लाइट लावून थांबायची वेळ आली. पाऊस, धुकं, मागून ट्रक येतायत, लाइट बंद करणं शक्य नाही आणि बजर डोक्यात घुसतोय. धोक्याच्या जागी लाइट विझवण्याचा मोह पाडणारं यंत्र मला गाडीत नको. ते काढलं.

दुसरी जोडणी मी स्वतः केली, तीच आजही आहे. पाच पिनांचा रिले, म्हणजे करंट मिळाला की आतला जोड बदलणारा स्विच, घ्यायचा. चार पिनांचा चालत नाही, कारण त्यात ८७ए नसते आणि इथे कामाची पिन तीच: चावी बंद असताना ३० शी जोडलेली, चावी चालू केली की सुटणारी. दुकानदार न विचारता चार पिनांचा हातात देतो, बघून घ्या. ८६ ला चावीची लाइन, ८५ ला अर्थ, ३० ला पार्किंग लाइटच्या फ्यूजकडून एक अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकून आणलेली वायर. ८७ए कडून बजरचा प्लस. बजरचा मायनस डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) दाराच्या स्विचच्या वायरीला, डायोडवरचा पांढरा पट्टा स्विचच्या बाजूला. आता चावी बंद, लाइट चालू आणि दार उघडं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच बजर वाजतो. आत बसून राहिलात तर शांतता. हेडलाइटच्या वायरीऐवजी पार्किंगची घेतली, कारण हेडलाइट लावला तरी पार्किंग चालूच असतो. नुसता पार्किंग राहिला तरी रात्रभरात बॅटरी बसते, तोही यात पकडला जातो.

डायोड एक-दोन रुपयांचा, १एन४००७. तो गाळू नका. दार बंद आणि लाइट बंद असताना केबिन लाइटच्या बल्बमधून बारा व्होल्ट दाराच्या वायरीवर येऊन थांबलेले असतात. डायोड नसेल तर ते बजरमधून उलटे शिरून पार्किंगच्या बल्बांकडे जातात. बजरला ही उलटी दिशा सोसत नाही, आणि केबिनला एलईडी बसवला असेल तर तो रात्रभर मंद जळत राहू शकतो. बॅटरी वाचवायला बसवलेली वस्तू बॅटरी खाऊ लागते.

काही जण म्हणतात, बजर कशाला, रिले लावून चावीबरोबर हेडलाइटच बंद होतील असं करा. मी ते मुद्दाम केलं नाही. माझा बजर बिघडला तर फक्त तो वाजणार नाही. हेडलाइटच्या वाटेत घातलेला रिले रात्री घाटातल्या वळणावर बिघडला तर समोरचा रस्ता जाईल. वीस वर्षं जुन्या वायरिंगमध्ये मी असा धोका घेणार नाही.

बजर पिझो जातीचा होता, बारीक आणि तीक्ष्ण आवाजाचा. मला तो दार उघडताच कानात टोचायचा. गाडी मी आणि बाबा दोघं चालवतो. बाबा एकदा उतरले, मागे वळले नाहीत, सरळ पडवीत आले. मी विचारलं, "बाबा, बजर वाजत होता ना?" तर म्हणाले, "अरे, वाजला कुठे?" मी पडवीतून ऐकला होता. वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि पिझो नेमका तीन-चार हजार हर्ट्झवर ओरडतो. त्याच्या जागी खालच्या सुरात घरघरणारा कॉइलचा बजर लावला. करंट थोडा जास्त घेतो, पण तो वाजतो दार उघडं असेपर्यंतच, त्यामुळे त्याने काही बिघडत नाही. आता बाबा उतरता उतरता थांबतात आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीवरचा लाइटचा नॉब फिरवतात. घरात वयस्कर माणूस गाडी चालवत असेल तर बजर दुकानात त्यांनाच ऐकवून घ्या.

आता दाराचा स्विच. दाराच्या चौकटीच्या खांबावर बसवलेली स्प्रिंगची दांडी, एका स्क्रूने पत्र्याला धरलेली. दार लागलं की दांडी आत जाते आणि जोड सुटतो. दार उघडलं की दांडी बाहेर येते आणि वायरीला अर्थ मिळतो. हा अर्थ येतो त्याच एका स्क्रूतून. रत्नागिरीची खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, दार उघडताना खांबावरून ओघळणारं पाणी. वरचं रबराचं टोपण कधीच फाटलेलं होतं. स्क्रूभोवती गंज चढला आणि बजर गप्प झाला.

मी आधी बजरवर संशय घेतला. तो काढून थेट बॅटरीवर लावला, उत्तम वाजला. रिलेची टकटक ऐकू येत होती. मग सहज केबिन लाइटचं बटण "डोअर" वरून "ऑफ" वर केलं आणि बजर वाजायला लागला! परत "डोअर" वर, गप्प. या वेळी मात्र मी थांबून विचार केला. मीटर लावला. दार उघडं असताना स्विचच्या वायरीवर शून्याच्या जवळपास व्होल्ट हवेत, तिथे नऊ-दहा दिसत होते. गंजामुळे अर्थ कमजोर झाला होता, आणि केबिनचा बल्ब वरून बारा व्होल्ट ढकलत होता. बजरच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन व्होल्ट उरत होते, तेवढ्यावर तो सुरूच होत नाही. बटण "ऑफ" केल्यावर बल्बचं ढकलणं थांबायचं आणि बजरच्या चिमूटभर करंटला तो गंजका अर्थही पुरायचा. केबिन लाइट मधून मधून मंद लागत होता, ते याचंच लक्षण होतं. तुमच्या गाडीत दार उघडल्यावर आतला लाइट पिवळट, दमलेला लागत असेल तर बजर बसवण्याआधी स्विच बघा.

इलाज साधा आहे. स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घासला. स्विचच्या बॉडीपासून डॅशखालच्या बोल्टापर्यंत अर्थची वेगळी वायर ओढली, म्हणजे स्क्रूवर भिस्त राहिली नाही. वर पेट्रोलियम जेली आणि नवं रबरी टोपण. मीटर आता जेमतेम शून्यावर येतो आणि केबिन लाइट असा लागतो की बाबांनी बल्ब बदललास का म्हणून विचारलं. पलीकडच्या दाराच्या स्विचलाही हेच केलं, कारण वायर दोन्ही दारांची एकच आहे. वायरिंगवाल्याला हे काम सांगितलं तर तो नवा स्विच टाकून मोकळा होतो. नवा स्विच त्याच गंजक्या स्क्रूवर बसला तर पुढच्या गणपतीपर्यंत पुन्हा तेच.

खर्चाचं सांगायचं तर रिले, त्याचं होल्डर, कॉइलचा बजर, डायोड, फ्यूज, वायर आणि टोपणं मिळून बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शालाही पोचलं नाही. काढून ठेवलेला तयार बजर तेवढा वाया गेला. माझी एक तक्रार शिल्लक आहे. दार पटकन लावून टाकलं तर बजर एक-दोन सेकंदच वाजतो आणि पावसात सगळेच दार पटकन लावतात. त्यासाठी दार लागल्यावरही थोडा वेळ वाजत राहील असं टायमरचं छोटं सर्किट जोडायचा विचार आहे. ते मेपर्यंत, पाऊस सुरू व्हायच्या आत करणार. आणि टोपणं दर मेमध्ये बदलणार, फाटलेली दिसोत वा न दिसोत.