पुण्याचं वर्कशॉप की सांगलीतली उमेदवारी?

पुण्यातलं दोन दिवसांचं फोटोग्राफी वर्कशॉप म्हणजे फी, एसटी, लॉज धरून १५-२० हजारांना चाट. हाती काय? तयार मॉडेल, लावून ठेवलेले लाइट आणि सगळ्यांच्या कार्डात एकच फोटो. सर्टिफिकेट वेगळं!

त्यापेक्षा लग्नाच्या सीझनभर एखाद्या मुरलेल्या फोटोग्राफरच्या हाताखाली उमेदवारी करत लग्नांचे फोटो काढा. मांडवाचं कापड पिवळं असलं की नवरीचा चेहराही पिवळा येतो, हे तिथंच कळतं. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौथाईवर येतो, हे स्टँड धरून हात भरून आल्यावर डोक्यात बसतं. सांगलीच्या आयर्विन पुलावरचं पहाटेचं धुकं तर फुकटच. मात्र काही उस्ताद नुसत्या बॅगाच उचलायला लावतात.

कलर ग्रेडिंगसारखं (फोटोतले रंग नंतर कॉम्प्युटरवर जुळवणं) एकच काही अडत असेल, तर वर्कशॉप घ्या. तेही तुमचे स्वतःचे फोटो तपासून देणार असतील तरच.