चाक-टायर फिटमेंट कॅल्क्युलेटर: आठ महिने वापरल्यानंतर

गाडीची १५ इंची स्टीलची चाकं काढून १६ इंची अलॉय घालायचं ठरलं, तेव्हापासून मी तीन वेगवेगळे ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरतोय. त्यांच्या भरवशावर एकदा चुकीची चाकं बसवली, काढली, आणि मग त्यांच्याच आकड्यांवरून योग्य चाकं निवडली. या दुसऱ्या संचाला आता सहा महिने झाले.

मूळ टायर १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), रिम ६ जे म्हणजे ६ इंच रुंद, ऑफसेट ईटी ४५ म्हणजे ४५ मिमी. कॅल्क्युलेटरमध्ये नवं माप १९५/५५ आर १६ टाकलं. जुन्या टायरची उंची ६२१.५ मिमी, नव्याची ६२०.९. लगेच हिरवी खूण. हा हिशोब कागदावरही होतो: रुंदीला साइडवॉलच्या टक्केवारीने गुणायचं, त्याची दुप्पट करायची आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवायचे. मी तिन्ही कॅल्क्युलेटर असे हाताने पडताळले, उंचीच्या बाबतीत तिन्ही चोख निघाले.

घोळ झाला तो रुंदीत. विकणाऱ्याकडे ७ जे, ईटी ३८ ची चाकं होती. ‘बिनधास्त बसतील’ म्हणाला. हिरवी खूण मी पाहिलीच होती, तेव्हा बसवली. गाडी रिकामी असताना काही जाणवलं नाही. मागे तिघे बसले, डिकी भरली आणि गतिरोधकावरून उतरताना मागून खर्रकन आवाज आला. चाक काढून पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा उमटला होता. मडगार्डचा पत्रा जिथे आत दुमडलेला असतो, त्या कडेचा रंगही उडालेला. पत्रा आणखी थोडा धारदार असता तर टायर कापलाच असता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

ती खूण फक्त टायरच्या उंचीची होती. मग रुंदीचा हिशोब नीट केला. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून चाकाचा हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणारा भाग किती बाहेरच्या बाजूला आहे ते अंतर. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर सरकतं, आणि रिम रुंद झाली की दोन्हीकडे वाढते. ६ जे ईटी ४५ वरून ७ जे ईटी ३८ वर गेल्याने रिमची बाहेरची कड १९.७ मिमी बाहेर आली आणि आतली कड ५.७ मिमी आत गेली. हे आकडे माझ्या पहिल्या कॅल्क्युलेटरमध्ये पानाच्या तळाशी होते, कुठलीही खूण नसलेले. दुसऱ्यात रिमऐवजी टायरची कड धरली होती, त्यामुळे तिथे १२ मिमी दिसत होते. दोन्ही बरोबर, मोजायची जागा वेगळी. आपला कॅल्क्युलेटर कुठली कड धरतो ते आधी पाहा.

त्यातही टायरवर छापलेली रुंदी ठराविक मापाच्या रिमवरची असते. रिम अर्धा इंच रुंद घेतली की टायर साधारण ५ मिमी फुगतो. १९५ चा टायर ७ जे रिमवर २०५ च्या आसपास जातो; जुना १८५ चाही ६ जे वर १९० च्या आसपास होता. म्हणजे माझा टायर प्रत्यक्षात १४-१५ मिमी बाहेर आला होता.

कॅल्क्युलेटर सांगतो तो जुन्या आणि नव्यातला फरक. तुमच्या गाडीत मुळात किती जागा आहे ते त्याला कळणार कुठून? ती मोजावी लागते आणि मोजायला दोरा, नट आणि पट्टी पुरते. दोऱ्याला नट बांधून मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि जुन्या टायरचा फुगवटा ओळंब्यापासून किती आत आहे ते पाहिलं. मागे १६ मिमी निघाले. त्यातून १४-१५ वजा केले तर राहतात एक-दोन मिलिमीटर. वजन पडल्यावर ते कसे टिकणार? पुढच्या चाकाला आतून स्ट्रटपर्यंतचं (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यापर्यंतचं) अंतर मोजलं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लायनरपर्यंतचंही (मडगार्डच्या आतल्या अस्तरापर्यंतचंही) मोजलं. मग ६.५ जे, ईटी ४३ ची चाकं घेतली. टायर बाहेर ७ मिमी आणि आत ३ मिमी. मागे ९ मिमी उरतात.

टायरची उंची बदलली की वेगाचा काटा चुकतो, याला लोक फार घाबरतात असं माझं मत आहे. याऐवजी २०५/५५ आर १६ टायर घेतला असता तर उंची ६३१.९ मिमी झाली असती, म्हणजे काट्यावर १०० असताना खरा वेग १०१.७. पण कॅल्क्युलेटर काटा मुळात अचूक आहे असं धरून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नसतं, जास्त दाखवलेलं चालतं. माझ्या गाडीत मूळ टायरवर काटा १०० असताना जीपीएस ९६ दाखवायचं. शिवाय टायर ८ मिमीवरून २ मिमीपर्यंत झिजला की उंची १२ मिमीने घटते, जवळपास २ टक्के. उंचीत फरक ०.१ टक्के का ०.३ टक्के यावर दोन मापांमध्ये अडून बसण्यात अर्थ नाही.

भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, मात्र सोडू नका. माझ्या मूळ टायरवर ८८ होता, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ मध्ये मला आधी ८७ चा टायर दाखवला, ५४५ किलोचा. तीनपैकी एकाही कॅल्क्युलेटरने हे विचारलं नाही. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर पाहून मी ९१ चा घेतला, तो ६१५ किलोचा.

बोल्टच्या वर्तुळाचं माप, हबच्या मधल्या छिद्राचा व्यास, नटाची बैठक शंकूची की गोलाकार, हे सगळं वेगळं पडताळा. ४ × ९८ आणि ४ × १०० (चार बोल्ट, वर्तुळाचा व्यास ९८ किंवा १०० मिमी) डोळ्यांना सारखेच दिसतात. नट चढल्यासारखा वाटतो, पण तिरका बसतो. ब्रेकच्या कॅलिपरला आरी लागेल का, हे चाक प्रत्यक्ष लावून हाताने फिरवल्याशिवाय कळत नाही. ऑफसेट जुळला तरी आरीचा बाक प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळा असतो.

तीनपैकी मी आजही उघडतो तो जुनं आणि नवं चाक एकावर एक काढून दाखवणारा, आत-बाहेरचे मिलिमीटर वेगळे देणारा. नुसतं ‘बसेल’ किंवा ‘बसणार नाही’ सांगणारा बंद केला.

नवी चाकं बसवली त्या दिवशी मडगार्डच्या आतल्या कडेला खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या चिकटवल्या, पाच माणसं बसवली आणि खराब रस्त्यावरून फिरवून आणलं. उजवीकडच्या गोळीला टायर लागलाच नव्हता. डावीकडची एका बाजूने दबून ५ मिमी उरली होती. पुन्हा ओळंबा सोडला तेव्हा कळलं, दोन्ही बाजूंच्या जागेत मुळातच ३ मिमीचा फरक आहे, आणि आधी मी फक्त उजवी बाजू मोजली होती.