रोडबाइकला लेटेक्स ट्यूब: रोज पंप मारायची तयारी असेल तरच

आधीच सांगते, सकाळी निघण्यापूर्वी हवा भरायचा कंटाळा असेल तर पुढचं वाचू नका, ही ट्यूब तुमच्यासाठी नाही.

मी रोडबाइकला, म्हणजे पातळ टायरच्या वेगवान सायकलला, व्हित्तोरिया कंपनीची लेटेक्स ट्यूब घेतली, 28 मिमी रुंदीच्या टायरसाठी. रिम अ‍ॅल्युमिनियमची, ब्रेक डिस्कचे. पावसाळा सरल्यापासून एरवी इंदूरचा सुपर कॉरिडॉर आणि रविवारी खंडवा रोडने सिमरोलपर्यंत, अशी वापरते आहे. एकीच्या पैशात साध्या तीन-चार ट्यूब येतात, तेव्हा घरात थोडी चर्चा झाली. ती इथे नको.

साधी काळी ट्यूब ब्युटिल रबराची असते. हवा धरून ठेवायला त्याच्यासारखं रबर नाही, पण टायर दबून परत फुगताना ते बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतं. लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर, टायरबरोबर सहज वाकतं. त्यामुळे दर टायरमागे पायडल मारायच्या ताकदीतले दोन-तीन वॉट वाचतात, असं चाचण्यांचे आकडे सांगतात. मला ते वॉट सुपर कॉरिडॉरवर जाणवले, असं मी म्हणणार नाही. तिथे समोरून वारा सुटला की दोन वॉटांची काय कथा! जाणवलं ते दुसरंच. राजेंद्रनगरातून बाहेर पडताना रस्ता खोदून बुजवलेला एक पट्टा आहे, तिथे हँडलमधून मनगटात जी बारीक झिणझिण यायची, ती निम्म्यावर आली. टायर तेच, हवाही तेवढीच. माझ्यासाठी पैसे इथेच वसूल.

बसवायचं काम मात्र घाईचं नाही. ट्यूब इतकी मऊ नि लिबलिबीत की आमच्या पंक्चरवाल्याने हातात घेऊन म्हटलं, "दीदी, ये तो गुब्बारा है." आधी रिम टेप, म्हणजे रिमच्या आतली पट्टी बघा. स्पोकची भोकं पूर्ण झाकलेली हवीत, नाहीतर लेटेक्स त्यात फुगून घुसतं आणि फाटतं. मग टायरच्या आत आणि ट्यूबला टाल्कम पावडर चोळायची. ट्यूबला आकार येईल इतकीच हवा भरून ती टायरमध्ये सरळ बसवायची, पीळ पडू द्यायचा नाही. टायरची शेवटची वीतभर कड अंगठ्यांनीच चढवा, टायर काढायची लिव्हर घातलीत तर ट्यूब चिमटलीच समजा. यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात: टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबत, रिमच्या आत डोकावत पूर्ण चाक फिरून बघणं. कुठे ट्यूबची गुलाबी कड दिसली तर तिथे ट्यूब अडकली आहे, आणि भरल्या हवेला ती धडाड्कन फुटणार. थोडी हवा भरायची, सोडायची, पुन्हा बघायचं, मगच पूर्ण भरायची.

आता रोजची कटकट. लेटेक्समधून हवा झिरपते, हा दोष नव्हे, त्याचा स्वभावच आहे. रात्री 80 पीएसआय भरून ठेवलं की सकाळी साठ-पासष्ट दिसतं. गेज असलेला उभा पंप घरात नसेल तर आधी तो घ्या. ऑफिसला जायच्या किंवा आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या सायकलला लेटेक्स लावणं म्हणजे फुकटचा ताप. तेल-ग्रीसचे हात लावू नका, ऊनही वर्ज्य. आपल्याकडच्या मे महिन्यात सायकल गच्चीवर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि कार्बन रिमवर रिम ब्रेक असतील तर नकोच. घाट उतरताना रिम तापते, म्हणून बऱ्याच कंपन्या स्वतःच मनाई करतात.

पंक्चर? बाभळीचा काटा लेटेक्सलाही सोडत नाही. जुन्या लेटेक्स ट्यूबचा तुकडा कापून सोल्युशनने चिकटवला की छान बसतो, कारण तोही तितकाच ताणतो. पण हे काम घरी करायचं. रस्त्याच्या कडेला, धुळीत, पावडर शोधत कोण बसणार? सीटखालच्या पिशवीत मी साधी ब्युटिलचीच ट्यूब ठेवते.

फक्त वजन कमी करायचं असेल तर टीपीयूच्या, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकच्या ट्यूब बघा, त्या याहून कितीतरी हलक्या आणि हवाही बरी धरतात. मी मात्र पुढच्या वेळीही लेटेक्सच घेणार, रविवारच्या चाकांना. मंडईत जायच्या सायकलला काळीच बरी.