जुनी वायरिंग पूर्ण बदलली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी १९६० च्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची. बॉडी पेंटला गेली तेव्हा डॅशबोर्ड, सीट, कार्पेट सगळं बाहेर काढलेलं होतं. आत राहिली होती ती फक्त वायरिंग. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, सेल्फ फिरत होता. चालतंय ते कशाला उचकायचं, असं मलाही वाटत होतं. दोन आठवडे माझं काही ठरेना.

ठरलं ते एका वायरीमुळे. हेडलाइटमागची निळी-लाल वायर जरा बाजूला वाकवली, तर वरचं आवरण कडकन तडकलं आणि त्याचे तुकडे हातात आले. आतलं तांबं काळं. ब्लेडने मागे मागे सोलत गेलो. चार इंच झाले तरी चकचकीत तांबं दिसेना. पीव्हीसीला मऊ ठेवणारा घटक उष्णतेने हळूहळू निघून जातो आणि आवरण असं ठिसूळ होतं. गंमत म्हणजे डॅशखालच्या वायरी अजून मऊ होत्या. म्हणून डॅशखाली डोकावून निर्णय घेऊ नका. इंजिनजवळ आणि दिव्यांमागे बघा.

मग मल्टिमीटर लावला. दिवे चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बपाशी १०.७. मधले १.७ व्होल्ट वायरी, जोड आणि स्विच तापवण्यात जात होते. डिपर स्विचला हात लावला तर चांगलाच गरम. व्होल्टेज १० टक्के उतरला की बल्बचा प्रकाश जवळपास ३० टक्के उतरतो, त्यामुळे ‘जुन्या गाडीचे दिवे मंदच असतात’ हे मी इतकी वर्षं उगाच मान्य केलं होतं. त्यात या गाडीला फ्यूज दोनच, आणि हेडलाइटच्या वाटेत एकही नाही. शॉर्ट झालाच तर जळणार ती वायर. तुकडे जोडून भागवायचा विचार मी तिथेच सोडला.

नवा हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) मूळ रंगांचाच घेतला: बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी, अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) काळी. जुना डायग्राम त्यामुळे आजही उपयोगी पडतो. जोडीला हेडलाइटसाठी दोन रिले (दिव्यांचा मोठा प्रवाह डिपर स्विचमधून न नेता स्वतः जोडणारे-तोडणारे स्विच) आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकले. जुना हार्नेस मात्र कापून काढू नका. प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावून तो अख्खा काढा, जमिनीवर पसरा आणि नव्याशी फांदी-फांदी जुळवून बघा. माझ्या नव्या हार्नेसची वायपरची फांदी वीतभर आखूड निघाली. डॅश बसल्यावर हे कळलं असतं तर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं.

नवीन वायरिंगने सगळं सुटलं, असं मात्र नाही. तिसऱ्या आठवड्यात उजवा इंडिकेटर लावला की मागचा टेललाइटही त्याच्याबरोबर मिणमिणायला लागला. दोन संध्याकाळी मी नव्या वायरीच तपासत बसलो. दोष अर्थिंगचा होता: अर्थचा बोल्ट थेट नव्या रंगावर कसला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, वरून थोडं ग्रीस लावलं. तेव्हापासून त्रास नाही. पेंटहून आलेल्या गाडीत अर्थचे सगळे बिंदू आधी खरवडून घ्या, हार्नेस नंतर.

तुमच्या गाडीची वायर वाकवल्यावर मऊ लागत असेल, तांबं लालसर असेल, मधे कोणी जोडाजोडी केलेली नसेल आणि दिव्यांपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आतच उतार येत असेल, तर मी म्हणेन जुनीच ठेवा. जोड साफ करा, हेडलाइटला फ्यूज द्या, बॅटरीला कटऑफ स्विच लावा. तेवढं पुरतं. पण शंका असेल तर डॅश बाहेर आहे तोवरच काय ते ठरवा. नंतर पाठीवर झोपून, टॉर्च तोंडात धरून हेच काम तिप्पट वेळ खातं.

आता बल्बपाशी १२.१ व्होल्ट मिळतात. परवा भर पावसात रात्री तीन तास गाडी चालवली. पोहोचल्यावर डिपर स्विचला हात लावून बघितला. थंड होता.