वडिलांचा तोंडाचा कॅन्सर परत आलाय: परळ की बार्शी?
रेडिएशन आधीच होऊन गेलं असेल तर आता पहिला प्रश्न एकच, ऑपरेशन होतंय का, आणि ते ठरवायला परळच्या टाटा हॉस्पिटललाच जावं असं माझं स्पष्ट मत, सोलापुरातून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी मुंबई, पण पुढं ओपीडीची रांग, खोलीचं भाडं, नाकातल्या नळीतून दर दोन तासाला दूध सोडत बसायचं, लय जड जातंय. ऑपरेशन नाही म्हणाले तर मात्र बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल बरं, गोळ्यांची केमो घरीच चालते की. त्यासोबत दर ३ आठवड्यांनी २० एमजी निवोलुमॅब (इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारं इंजेक्शन) मिळतंय का तेवढं विचारा, टाटाच्याच २०२२ च्या ट्रायलमध्ये वर्षानंतर हयात असलेले नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होते, हे जोडल्यावर ४३ वर गेले होते. बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) दोन्हीकडं मागतात, आधीच्या हॉस्पिटलातून आत्ताच काढून ठेवा.