जुनी पन्नासची लेन्स : कोल्हापुरातल्या नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर आठवडाभरानं कॅमेऱ्याची ही लेन्स घेतली. आता आषाढ चालू आहे. मधले नऊ महिने ती जवळजवळ रोज हातात होती, म्हणून आता लिहितोय. ५० मिलिमीटर, एफ १.८ (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त), झूम नाही, वजन दोनशे ग्रॅमच्या आत. कॅमेऱ्याची बॉडी माझी जुनीच, क्रॉप सेन्सरची, म्हणजे आतला सेन्सर लहान, त्यामुळे लेन्स प्रत्यक्षात साधारण ७५ मिलिमीटरसारखी बघते, फ्रेममध्ये कमी मावतं. स्टुडिओ बंद करणाऱ्या एका काकांकडून साडेपाच हजारांना घेतली. काच खिडकीच्या उजेडासमोर धरून दाखवताना ते म्हणाले, "ही घेतलीस तर चालावं लागतंय बघ."

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. कास्टिंग (ओतलेला भाग) हातात घ्यायचं, फिरवायचं, ब्लो होल (हवेनं पडलेलं भोक), क्रॅक, वाळू चिकटलेली जागा शोधायची, खडूनं खूण करून बाजूला ठेवायचं. वीस वर्षांत डोळ्याला एकच सवय लागली. जे बरोबर आहे ते दिसेनासं झालं, चुकलेलं तेवढं दिसायचं. घरी आलो तरी आधी भिंतीचा पोपडा दिसायचा, मग पोरगी. हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं. लेन्स घेण्यामागं खरं कारण ते होतं. तिच्याबद्दल जे लिहिणार आहे, ते त्या डोळ्याला काय झालं याबद्दलच आहे.

पहिले पंधरा दिवस वैतागात गेले. रंकाळा तलावावर शालिनी पॅलेस फ्रेममध्ये घ्यायला गेलो तर अर्धाच मावायचा. वारकरी पक्षी पाण्यात मजेत डुबक्या मारतायत आणि माझ्या फोटोत काळा ठिपका. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पहाटे मोर ओरडतात, कधी रस्ताही ओलांडतात. साडेआठशे एकरांच्या त्या आवारात या लेन्सनं मोर टिपायचा म्हणजे तो आपल्या अंगावरच यायला हवा. शेवटी मोर दिसला की कॅमेरा खाली करून नुसतं बघायला लागलो. मोर आता जास्त लक्षात राहतो.

दूरचं जमत नाही म्हटल्यावर जवळचं उरलं. रंकाळ्याच्या एका कोपऱ्यात दगडी पायऱ्या आहेत, त्यातली एक पायरी धरली. दर रविवारी सकाळी सातच्या आत तिथं जायचं, त्याच जागी बसायचं, त्याच पायरीचा फोटो घ्यायचा. नोव्हेंबरात तिच्यावर पाणी होतं. मग पाणी हळूहळू उतरायला लागलं आणि उतरताना प्रत्येक आठवड्याची एक रेघ दगडावर सोडून गेलं. वरची पांढुरकी, खालची शेवाळी, त्याखालची अजून ओली, काळी. मेपर्यंत खालच्या तीन पायऱ्या उघड्या पडल्या आणि पलीकडं संध्यामठाची जुनी दगडी वास्तू पाण्यातून बरीच वर आली. रोज फिरायला येणारे एक काका एकदा थांबले. "काय काढालाईस? दगडच की त्यो." मी त्यांना सगळे रविवार एकापाठोपाठ एक दाखवले. ते शेजारी टेकले, पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावले आणि म्हणाले, "चाळीस वर्सं चालतोय हितनं." पुढं काही बोलले नाहीत. आता भेटले की आधी पायरीकडं बघतात.

याच पाण्याकाठची चित्रं आबालाल रहिमान यांनी केली. शाहू महाराजांच्या दरबाराचा हा चित्रकार १९३१ साली गेला. संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगा, सगळं घरापासून चालत जाण्याइतकं जवळचं. शाळेत त्यांचं नाव ऐकलं होतं, पण एवढ्या थोड्या जागेत माणूस जन्मभर कसा रमला असेल, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. बाबूराव पेंटर यांनी मूकपटांसाठी लागणारा कॅमेरा याच गावात स्वतः घडवला, ही गोष्टही कारखान्यातला माणूस म्हणून मला आता वेगळीच भिडते. अशा यंत्रात किती भाग किती बारकाईनं बसवावे लागतात, ते मला माहीत आहे.

आता लेन्सच्या कामाचं. ही साधारण दीड फुटापर्यंत जवळ जाते. तेवढ्या अंतरावर एफ १.८ ठेवलं तर किती भाग स्पष्ट येतो, हे बघायला मी स्टीलची पट्टी तिरपी ठेवून फोटो काढला. खोली मोजली तर जेमतेम चार मिलिमीटर. मागचंपुढचं सगळं विरघळलेलं. विद्यापीठातल्या गवतावर कोळ्याच्या जाळ्यातले दवबिंदू काढताना हे कळलं नव्हतं, आणि तीसेक फोटोंत एकही थेंब धड आला नव्हता. एफ ५.६ वर आलो, श्वास रोखला, कोपर गुडघ्यावर टेकवलं, तेव्हा एका थेंबात मागचं बाभळीचं झाड उलटं दिसलं. अख्खं झाड, मोहरीएवढ्या थेंबात. त्या दिवशी कामावर उशिरा पोहोचलो.

डिसेंबरात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर पहाटे साडेपाचला गेलो, त्याचं जरा सविस्तर सांगतो. थंडीतून आत शिरलो आणि लेन्सवर वाफ धरली. पुसायची नाही, दहा मिनिटं तशीच ठेवायची, काच गरम झाली की आपोआप निघते. त्या दहा मिनिटांत बघणं तेवढं झालं. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस एका लयीत वाकतो, सरळ होतो. काहिलीत रस उकळतो, भेंडीचा रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रंग हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. गुळव्या मधूनच थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी वळून गोळी होते का बघतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. मी रोज गेज लावून मोजतो ते हा माणूस दोन बोटांत मोजतो. वाफेतून पत्र्याच्या फटीतला उजेड पट्ट्यांसारखा खाली येत होता. एक्सपोजर एक स्टॉप कमी केलं, म्हणजे उजेड निम्मा घेतला, तेव्हा त्या पट्ट्या फोटोत उतरल्या. दोनशेपैकी चार फोटो ठेवले. त्यातला एक नुसता त्या दोन बोटांचा आणि गोळीचा आहे.

किरणोत्सवाला, ९ ते ११ नोव्हेंबर, कॅमेरा नेलाच नाही. मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत कशी सरकत जातात ते गर्दीत उभं राहून बघितलं. उजेड किती खालून, किती लांब चालत येतो हे तेव्हापासून डोक्यात बसलं आणि संध्याकाळची वेळ मी चुकवेनासा झालो.

दोष आहेत, ते सांगायलाच हवेत. अंधुक उजेडात फोकस पुढंमागं चाचपडत राहतो, अशा वेळी हातानं फिरवणं बरं. पाण्यावर ऊन चमकत असताना एफ १.८ वर कडांना जांभळी किनार येते, २.८ वर बरीच कमी होते. हादरे सावरायची सोय नाही, शटर १/१२५ सेकंदापेक्षा सावकाश केलं की माझा तरी हात हलतो. घरातल्या छोट्या खोलीत चार माणसं एका फ्रेममध्ये बसत नाहीत, पाठ भिंतीला लागते. पावसापासून संरक्षण काहीच नाही.

सगळ्यात मोठा फटका पावसाचाच बसला. गेल्या महिन्यात पुढच्या काचेच्या कडेला केसासारखे पांढरे धागे दिसले. बुरशी. लेन्स कातडी पाकिटात घालून कपाटात ठेवत होतो, आणि आपल्याकडच्या जून-जुलैत त्याहून वाईट जागा नाही. कातडं ओल धरतं, अंधारात बुरशी फोफावते. साफ करून घेतली, वेळेत दिसली म्हणून डाग राहिला नाही. आता घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवतो. जेलचे केशरी दाणे हिरवे पडले की मंद तव्यावर परतून पुन्हा केशरी करायचे. पन्हाळा, राधानगरी भागात पावसात जाणाऱ्यांनी परतल्यावर लेन्स लगेच डब्यात घालू नये, आधी पंख्याखाली तासभर कोरडी होऊ द्यावी.

पक्षी किंवा दाजीपूरचे गवे काढायचे असतील तर ही घेऊ नका, पैसे साठवून लांबची लेन्स घ्या. गावात चालायचं असेल, माणसांच्या हातभर अंतरावर उभं राहायचं असेल, तर जरूर घ्या.

मी सगळ्यात जास्त उभा राहिलो तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. संध्याकाळी म्हशी समोर उभ्या, धार काढून फेसासकट पेला हातात. बल्बच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १६००, एफ २ वर चांगलं येतं. एका गवळी मामांना विचारून त्यांच्या हातांचा फोटो घेतला. ते म्हणाले, "म्हशीचा काढ की, माझ्यात काय बघायसारखं हाय?" घरी मोठा करून बघितला तर फोकस अंगठ्यावरच्या भेगांवर नेमका बसला होता, आणि भेगेत दुधाचा एक पांढरा थेंब अडकलेला. कास्टिंगवर अशी रेघ दिसली तर माझा हात आपोआप खडूकडं जातो. त्या फोटोपुढं मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. पोरगी येऊन शेजारी बसली, कुणाचा हात म्हणून विचारलं, तिला सगळं सांगितलं.

पुढच्या शनिवारी प्रिंट काढून नेला. मामांनी हात धोतराला पुसले, प्रिंट कडांना धरून बल्बखाली नेला, लांब धरला, जवळ आणला. मग विचारलं, "आणखी एक मिळंल? थोरलीकडं इचलकरंजीला पाठवायचा हाय."